चाचणीपुरतं पाणी

तीन मशिनं आणली तपकीर गल्लीतून,
कुठल्याशा बंद पडलेल्या सायबर कॅफेची.
प्रत्येकावर अजून स्टिकर:
केबिन ४, केबिन ७, केबिन ११.
सातवर खाली बारीक अक्षरांत
‘वेळ संपल्यावर ओरडू नये.’
नखाने खरडून बघितलं. निघेना. राहू दे म्हटलं.

नऱ्ह्यात बॅटरीच्या दुकानावर आमची खोली.
टेबल एकच, म्हणून अकरा नंबर खुर्चीवर
आणि मी फरशीवर, मांडीवर कीबोर्ड,
तिघांची ओळख करून देते:
हा तुझा पत्ता, हा तुझा दरवाजा,
तू बोल, ती ऐकेल.
लग्न जमवणाऱ्या मावशीइतकं खोटंही बोलते,
एका खोलीत असून सांगते
की तीन गावांत आहोत असं समजून वागा.

पहिला निरोप हातानेच टाइप केला:
‘आवाज येतोय का?’
शेजारच्या खिडकीत तीच ओळ उमटली
आणि मी, वेडी, ‘हो’ म्हणाले.
तोंडाने.

मग टँकर सोडले.
खरे नव्हेत. वीस ओळींचा प्रोग्रॅम,
दर तीन सेकंदांनी एक टँकर
कुठल्यातरी सोसायटीच्या टाकीत रिकामा होतो.
सोसायट्यांची नावं नौशीनची:
मृगजळ हाइट्स, कोरडा ओढा फेज टू.
तिची नोकरीच मोडून बघण्याची.
‘एकच निरोप दोनदा आला तर?’
म्हटलं, पाणी दोनदा आलं तर कोण तक्रार करतं?
म्हणाली, बिल दोनदा जाऊ दे, मग बघ.
त्या एका वाक्यात माझे दोन दिवस गेले.

खाली गुलाब शिळीमकर बॅटरी बदलायला आलेला,
जिन्यावरून डोकावला. त्याचा टँकर खरा, दहा हजार लिटरचा.
‘माझं नाव आहे का त्यात?’
नाही हो, नुसते नंबर.
‘घाला की. चाचणीपुरतं.’
घातलं.

आज गुरुवार. लाइट जाणार हे पेपरात होतंच,
आणि यूपीएस दोघींनाच पुरतो.
दहा वाजून चार मिनिटांनी केबिन सात गेली.
तीच लीडर होती.
ओरडली नाही.
चार आणि अकरा क्षणभर गप्प,
हजेरीत एखादं नाव दोनदा पुकारावं तशा,
मग चारने काम उचललं
सातने सोडलं होतं त्याच आकड्यापासून.
थेंबही सांडला नाही.
नौशीनने वहीत बरोबरची खूण केली.
मला उगाचच त्या विझलेल्या दिव्याकडे बघवेना.

गुलाब शिळीमकर मात्र पोहोचतोच आहे.
दर तीन सेकंदांनी.
त्याचे ब्रेक तापत नाहीत,
नवले पुलाला तिथे उतार नाही,
एकाही फ्लॅटातून फोन येत नाही की
अहो, कुठे आहात, मुलं अंघोळीची थांबलीत.
खरा गुलाब वडगावच्या चौकात अर्धा तास अडकलेला.
गंमत म्हणून त्याला स्क्रीनचा फोटो पाठवला:
सकाळपासून तुमच्या नऊ हजार खेपा.
त्याचं उत्तर: मग पगार?

सात दिवसांनी हे सगळं आपोआप पुसलं जातं.
मीच तसं लावलंय. डिस्क जुनी, जागा कमी.
मुदत वाढवायला एक आकडा बदलायचा असतो फक्त,
तेवढ्या ओळीवर कर्सर नेऊन मी
परत आणला.

संध्याकाळी लाइट आली, सात उठली.
कुणी तिला पुन्हा लीडर केलं नाही अजून;
आधी मागचं सगळं वाचून काढायचं,
एकेक खेप, न गाळता.
नौशीन गेली. शटर ओढल्याचा आवाज आला.
घरी आज नळाला पाणी नसणारच, बादल्या मीच भरायच्यात.
चप्पल घालून उभी आहे.
अजून अकराशे राहिल्यात तिच्या.